नदीकाठच्या कुरणाखालची माणसं

सुजातामावशी,

तू गेल्यापासून मी फोनची रिंग बंदच ठेवते. आधीही दचकायचेच, ते तुला माहीत आहे. तूच म्हणायचीस, "काय बाप्पा, फोन वाजला का साप निघाला?" पण त्या रविवारी सकाळी स्क्रीनवर प्रशांतचं नाव दिसलं. तुझा मुलगा मला कधी फोन करत नाही, मेसेज करतो. फोन उचलायच्या आधी मी गॅस बंद केला, हात पुसले, ओट्यावरचं पाणी पुसलं. जणू उशिरा उचलला तर बातमी बदलेल.

तुला रात्रीत हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं होतं. तिथे तू दोन-तीन दिवस होतीस, पण शुद्धीत नव्हतीस, म्हणजे नव्हतीसच. नर्स म्हणाली, बोलत राहा, ऐकू येत असेल. मी काय बोलणार? मी तुला आपल्या नदीकाठच्या पार्कचं हवामान सांगितलं. नदी अजून कडेकडेनं गोठलेली आहे, मधून वाहते आहे, म्हटलं. पार्किंगमध्ये बर्फाचे ढीग आहेत, काळे झालेत. मग मला भीती वाटायला लागली की मी काहीतरी चुकीचं सांगते आहे आणि तू उठून मला दुरुस्त करणार नाहीस. तू दुरुस्त केलं नाहीस.

मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझ्याबद्दल भरभरून लिहिलं सगळ्यांनी. नागपूरला बँकेत मोठ्या पदावर होतीस, वगैरे. एकीनं लिहिलं, "अत्यंत मनमिळाऊ." मला हसू आलं आणि त्या हसण्यानंच रडू फुटलं. मनमिळाऊ! मंडळाच्या पिकनिकला दोन वर्षं तुझ्याशी कोणी नीट बोलत नव्हतं. आणि तुला त्याचं काही वाटत नव्हतं, निदान तसं तू दाखवायची नाहीस.

आपण भेटलो तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. माझी ईरा तेव्हा तान्ही, स्ट्रोलरमध्ये होती. आम्ही या देशात, ट्रॉयला, नवीन होतो, निखिल दिवसभर ऑफिसात, आणि माझ्याकडे नवं नवं लायसन्स. धीर करून नदीकाठच्या स्टेट पार्कपर्यंत ड्राइव्ह केलं होतं आणि वाटेत रानबदकांचा एक घोळका आडवा आला. गीज. मोठे, मानेनं सापासारखे, आणि तोंडानं फिस्स करणारे. मी स्ट्रोलर घेऊन उभी, पुढे जाता येईना, मागे जाता येईना. तू मागून आलीस. डोक्यावर प्रशांतची बेसबॉल कॅप, अंगात पंजाबी ड्रेस, पायात स्पोर्ट्स शूज. दोन्ही हात पसरून तू त्या पक्ष्यांच्या अंगावर चालून गेलीस आणि "हुर्रर्र" केलंस. ते उठले आणि नदीत गेले.

"मराठी का?" तू विचारलंस.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांना 'अहो, सरका ना' म्हणून राहिली होतीस."

मग तू सांगितलंस की नवरा गेल्यावर मुलानं इकडे आणलं, घरात दिवसभर चार भिंती, म्हणून रोज बसनं आणि पायी इथे येते. मी म्हटलं, बसनं? इथे? तू म्हणालीस, "बस आहे. कोणी बसत नाही म्हणून काय बस नाही?"

दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत तू डबा आणलास. पिकनिकच्या बाकावर ठेवलास आणि झाकणावर हात ठेवून, हसत हसत विचारलंस, "आम्ही बौद्ध आहोत. तुझ्याकडे चालतं ना?"

मी म्हणाले, "म्हणजे काय! अर्थात!" जरा जास्तच जोरात. तू झाकण काढलंस. आत सांबारवडी होती, आणि मी चिंचवडची बावळट, इडलीबरोबरचं सांबार कुठे आहे ते शोधत होते. तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. "सांबार म्हणजे कोथिंबीर गं पोरी."

आपण नंतर त्यावर कितीदा हसलो. पण तो आधीचा प्रश्न राहून गेला. तू हसत विचारलंस, पण झाकण उघडायच्या आधी विचारलंस. आयुष्यात किती बाकांवर, किती झाकणांवर असा हात ठेवला असशील? मला तुला ते विचारायचं होतं. दर वेळी वाटायचं, आता नको, उगाच मूड जाईल. कोणाचा मूड, तुझा की माझा, हेही मला नीट सांगता येत नाही. आता विचारते आहे, तर उत्तर द्यायला तू नाहीस.

कयाकचं खूळ तुझंच. साठी ओलांडलेली, पोहता न येणारी बाई त्या भाड्याच्या कयाकच्या टपरीसमोर उभी राहून तिथल्या मुलीला सांगते, "टीच मी." आणि पुढच्या उन्हाळ्यात मलाही ओढलंस. दोघींची एक नाव. माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे मी इतके आवळले होते की श्वास घेता येत नव्हता. मी दर मिनिटाला विचारत होते, पाणी किती खोल आहे, पुढे वळण कसं आहे, उलटली तर काय. तू म्हणालीस, "उलटली तर ओले होऊ. पुढे?"

ऑगस्ट होता, पाणी उतरलेलं. जुन्या गिरणीचा बांध होता तिथे दगडांवर नाव अडकली. मी घाबरून ओरडले. तू शांतपणे पाय बाहेर टाकलास आणि उभी राहिलीस, तर पाणी तुझ्या गुडघ्यापर्यंत. मी ज्या पाण्यात बुडून मरणार होते ते. तू नाव ढकलायचं सोडून तशीच उभी राहिलीस, प्रवाहाकडे तोंड करून.

"माझ्या आजीनं असं नदीत उभं राहून वरच्या बाजूला पाहिलं नाही कधी," तू म्हणालीस. "आम्ही गावाच्या खालच्या अंगाला. वरचं पाणी वरच्यांचं."

मग तू नावेला धक्का दिलास.

तिथून परत येताना आपण तो बोर्ड वाचला. पार्कच्या दाराशी आहे तो, इतिहासाचा. पिठाच्या गिरणीचा मालक, त्याची मिशी, त्याचं घर, त्याचा कुत्रा. कुत्र्याचं नावसुद्धा लिहिलेलं. तू तर्जनी लावून शेवटपर्यंत वाचलंस आणि म्हणालीस, "दळत कोण होतं?"

तेव्हापासून तू त्या प्रश्नाच्या मागे लागलीस. खरं सांगू, मला तो तुझा विरंगुळा वाटायचा. काही आज्या भिशी करतात, काही भजनाला जातात, तू पार्कातल्या म्हाताऱ्या माणसांना गाठून विचारायचीस, इथे आधी काय होतं. त्यातच तुला हेलन भेटली. धक्क्यावर फोल्डिंग खुर्ची टाकून गळ लावून बसलेली, ऐंशी कधीच ओलांडलेली, मासा सापडला की परत सोडणारी. तिला तू सांबारवडी दिलीस आणि तिनं ती केचपबरोबर खाल्ली आणि तू ते खपवून घेतलंस. तेवढ्यावरून मी ओळखलं की हेलन तुला फार आवडते.

हेलननं सांगितलं की वरच्या अंगाचं कुरण, जिथे मुलं पतंग उडवतात आणि आपलं मंडळ व्हॉलीबॉलचं नेट लावतं, तिथे फार पूर्वी 'पुअर फार्म' होतं. ज्यांना कोणी नाही, काम करायची ताकद नाही, अशा माणसांना सरकार तिथे ठेवायचं. म्हातारे, आजारी, नवरा टाकून गेलेल्या बायका, बोटीतून आलेले आणि भाषा न येणारे लोक. तीच माणसं शेत कसायची आणि गिरणीतही राबायची. हेलनची आजी तिथे स्वयंपाकाला होती. ती नातवंडांना सांगायची, कुरणाच्या कडेला, झाडांखाली खेळू नका, तिथे लोक झोपलेत.

"नक्की कुठे?" तू विचारलंस.

हेलननं हातानं एक मोठा, ढोबळ गोल केला.

पुढच्या एप्रिलमध्ये तू मला त्या झाडांखाली घेऊन गेलीस. जमिनीवर हिरव्या पानांची दाट चादर होती आणि त्यात निळी-जांभळी फुलं. मी म्हटलं, छान आहेत. तू वाकलीस. "सदाफुलीची बहीण दिसते." मी फोनवर शोधलं तर खरंच दोघींचं इंग्रजी नाव एकच, पेरिविंकल. आणि खाली लिहिलेलं की जुन्या काळी इकडे ही वेल कबरींवर लावत, कारण ती बर्फातही हिरवी राहते आणि तिची देखभाल करावी लागत नाही. मी ते मोठ्यानं वाचलं आणि मध्येच थांबले, कारण तेव्हा मला दिसलं की वेलीखालची जमीन सपाट नाही. तिला खळगे होते. लांबट, एकाशेजारी एक, रांगेत. आणि मी एका खळग्यात उभी होते.

मी उडी मारून बाजूला झाले, तर दुसऱ्यात. "मावशी, चल इथून," मी म्हटलं. "मला भीती वाटते."

"झोपलेत ते," तू म्हणालीस. "ते काय करतील?"

त्या दिवशी गाडीत तू मला ती गोष्ट सांगितलीस. लहानपणी तू बाबांबरोबर आठवडी बाजाराला जायचीस. बाजाराचे सिमेंटचे ओटे होते. बाबा दर वेळी एका ओट्यापाशी थांबायचे. तिथे एक बाई टमाटे विकायची. बाबा थांबायचे, चप्पल काढायचे, काही घ्यायचे नाहीत, आणि पुढे जायचे. तुला वाटायचं, भाव जमत नसेल. खूप मोठी झाल्यावर त्यांनी सांगितलं. ती आपल्या लोकांना पुरायची जागा होती. एका वर्षी गावानं तिथे ओटे बांधले, कोणाला विचारलं नाही. त्या ओट्याखाली त्यांचा बाप होता.

मी सिग्नलला थांबले होते. हिरवा झाला तरी गाडी हलवली नाही, मागचा हॉर्न वाजवायला लागला. "चाल ना," तू म्हणालीस. एवढंच.

मग पार्कच्या सुधारणेची योजना आली आणि माझी झोप उडाली.

त्याच कुरणावर मोठं पिकनिक शेल्टर आणि पार्किंग होणार होतं. आपल्या मंडळात आनंदीआनंद. कुलकर्णी काकांनी, मंडळाच्या अध्यक्षांनी, कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता त्याचा. दर वर्षी पावसात भेळ भिजते, म्हाताऱ्यांना लांबून चालावं लागतं. त्यांचंही खोटं नव्हतं. गुढीपाडव्याच्या मीटिंगमध्ये तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, तिथे माणसं पुरलेली आहेत. काका म्हणाले, "सुजाताताई, असतील किंवा नसतील. शंभर वर्षांपूर्वीच्या हाडांसाठी आता जिवंत माणसांनी भिजायचं का?" काही लोक हसले. तू हसली नाहीस आणि बसलीही नाहीस. "कुरण मोठं आहे," तू म्हणालीस. "त्या टोकाला बांधा." मग कोणीतरी चहाची घोषणा केली.

तेव्हापासून तू जिथे तिथे तेच. पार्कच्या ऑफिसात जाऊन आलीस. तिथली माणसं भली होती. म्हणाली, अधिकृत नोंद काही नाही, पण पुढच्या मार्चमध्ये जाहीर बैठक आहे, तुम्ही तिथे बोला.

आणि आपलं भांडण झालं. भांडण म्हणजे, मी बोलत होते आणि तू वाटाणे सोलत होतीस.

मी म्हटलं, मावशी, दिवस कसे आहेत बघतेस ना. निखिलच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलंय. त्याच्या टीममधल्या दोघांना काढलं. अशा मीटिंगा रेकॉर्ड होतात, इंटरनेटवर राहतात. आपण इथे पाहुणे आहोत. पाहुण्यानं यजमानाच्या अंगणात काय पुरलंय ते उकरू नये.

"पाहुणे?" तू म्हणालीस. "माझा बाबा त्याच्याच गावात पाहुणा होता. किती वर्षं राहिलं की माणूस घरचा होते?"

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं?"

मी म्हटलं, "मला भीती वाटते, मावशी. मला रोज सकाळी मेलबॉक्स उघडायची भीती वाटते. तुला कळत नाही."

तू वाटाण्यांचं ताट बाजूला ठेवलंस. "कळते. मी तुला बोलायला नाही सांगून राहिली. बोलीन मी. तू फक्त गाडी चालव."

ते आपलं शेवटचं बोलणं ठरलं. म्हणजे त्यानंतर तू फोनवर ईराच्या सर्दीचं विचारलंस, पण ते बोलणं नव्हे. मी "बघते" म्हटलं होतं. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. तुझ्या मनात ते कसं राहिलं असेल, हे मी रोज नव्यानं ठरवते आणि रोज मोडते.

फ्युनरल होममध्ये त्रिशरण-पंचशील झालं. नोव्हायहून, ॲन आर्बरहून तुमची किती माणसं आली होती. विद्यार्थी होते, डॉक्टर होते, एक जण विमानतळावरून थेट आला होता. मी मागे उभी होते. ईरानं हळूच विचारलं, "इज मावशीआजी स्लीपिंग?" मला हेलनची आजी आठवली आणि मी बाहेर जाऊन पार्किंगमध्ये उभी राहिले. प्रशांत अस्थी घेऊन नागपूरला गेला. जाताना म्हणाला, "ती मीटिंग राहिली तिची." मला सांगत नव्हता. स्वतःशीच म्हणाला.

मग हेलनचा फोन आला. तिला माझा नंबर तूच दिला असशील. तिचा आवाज हल्ली अगदी बारीक झालाय. ती बोलणार होती बैठकीत, पण रात्रीची गाडी चालवत नाही. "तुझी मावशी म्हणाली होती, तू ड्राइव्ह करशील."

म्हणजे तू "बघते"चा अर्थ "हो" असा लावला होतास. मावशी, मला किती हलकं वाटलं आणि किती राग आला!

निखिलला मी सांगितलं, फक्त पोचवायला जाते आहे. तो म्हणाला, जा, पण मागे बस. संध्याकाळी हेलनला घेतलं. लायब्ररीच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, कॉफीची किटली, समोर टेबलामागे बसलेले चार-पाच लोक आणि मध्ये माइक. माइकच्या शेजारी कॅमेरा, त्याचा लाल दिवा लागलेला. मी कोट काढला नाही. दाराजवळची खुर्ची घेतली.

कुलकर्णी काका सगळ्यात आधी बोलले, छान तयारीनं, बरोबर आणलेला त्याच कुरणावरच्या पिकनिकचा फोटो दाखवत. एक बाई मासेमारीच्या धक्क्यावर बोलली. मग हेलन उठली. माइकपर्यंत जायला तिला वेळ लागला. तिनं आजीचं सांगितलं, पण तो आवाज इतका बारीक की टेबलावरच्या बाईनं दोनदा म्हटलं, जरा मोठ्यानं. हेलन दमली. मध्येच थांबली. मग त्यातला एक गृहस्थ अगदी सौजन्यानं म्हणाला, "ही एका कुटुंबातली आठवण आहे. याला दुजोरा देणारं आणखी कोणी आहे का?"

हेलननं मान वळवली आणि ती मला शोधायला लागली. तिला लांबचं नीट दिसत नाही. ती चुकीच्या बाजूला बघत होती, मावशी. हॉलभर बघत होती आणि मी सापडत नव्हते.

मी उठले. त्यात शौर्य काही नव्हतं. ती म्हातारी मला अशी शोधते आहे, हे मला बघवलं नाही.

माइकवर आधी नाव सांगायचं असतं. पूर्ण नाव आणि गाव. लाल दिवा माझ्याकडे बघत होता. मी नाव सांगितलं, आडनावासकट, आणि ते स्पेलिंग विचारतील म्हणून अक्षरं सांगायला लागले आणि आपल्याच नावात अडखळले. मग मी सांगितलं त्या वेलीबद्दल, खळग्यांच्या रांगेबद्दल. सांगितलं की माझी मावशी बोलणार होती, ती गेली. आणि मग, ठरवलं नसताना, तो बाजार सांगितला. टमाट्यांचा ओटा, काढलेली चप्पल. माझं इंग्रजी तुटत होतं. 'ओट्या'ला शब्द सापडेना, मी दोन्ही हातांनी हवेत दाखवला. "आमच्याकडे विचारायला उशीर झाला," मी म्हटलं. "इथे अजून सिमेंट पडलेलं नाही. आधी बघा, एवढंच म्हणणं आहे."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टेबलावरची बाई लिहीत होती. मी परत दाराजवळच्या खुर्चीवर येऊन बसले.

आणि मग कुलकर्णी काका परत उठले. ते माइकपाशी गेले आणि म्हणाले, "आम्हाला शेल्टर हवंच आहे. पण कुरण मोठं आहे. त्या टोकाला बांधलं तरी चालेल." तुझेच शब्द, मावशी, तुझं नाव न घेता. बाहेर पार्किंगमध्ये मला गाठून रागावले, "अगं, बोलणार होतीस तर आधी सांगायचं ना! मी तो फोटो दाखवलाच नसता." त्यांचे डोळे ओले होते, की थंडीनं, कोण जाणे.

घरी आल्यावर निखिलनं विचारलं, "नाव सांगितलंस? आडनावासकट?" मी हो म्हटलं. त्यानं उठून भात गरम केला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "एकटी का गेलीस? मला घेऊन जायचं ना, यार." पण त्याला भीती वाटली आहे, मला दिसतं. मलाही वाटते. त्यानंतरचा एक आठवडा मी रोज त्या रेकॉर्डिंगची लिंक उघडत होते, किती जणांनी पाहिलं ते बघायला. फारसं कोणी पाहिलेलं नाही. एक्स्टेन्शन अजून आलेलं नाही. त्याचा याच्याशी काही संबंध नाही हे मला कळतं, आणि कळूनही मेलबॉक्सच्या झाकणाला हात लावताना मी श्वास रोखते. तू असतीस तर म्हणाली असतीस, काय घाबरून राहिली. मी घाबरते, मावशी. ते काही गेलेलं नाही. गेलं असं लिहिलं तर तुला खोटं सांगितल्यासारखं होईल.

पार्कवाल्यांनी काम थांबवलं आणि आधी तपासणी करायचं ठरवलं. गेल्या आठवड्यात एका युनिव्हर्सिटीची टीम आली. खणायचं नाही, फक्त जमिनीच्या पोटातलं दाखवणारं यंत्र वरून ढकलत न्यायचं, लॉनमोअरसारखं. जिथे माती कधी काळी हललेली दिसेल तिथे एक छोटा झेंडा. सुट्टी घ्यायला मला नोकरीच नाही, ईराला शाळेत सोडून थेट गेले. हेलनला घेतलं, तिची खुर्ची झाडाखाली लावली. वेल फुललेली होती.

मला वाटलं होतं, थोडे असतील. ते झेंडे वेलीच्या कडेपर्यंत आले आणि तिथे थांबले नाहीत. गवतात आले. जिथे आपण नेट लावतो तिथे आले. एका रांगेत लहान लहान अंतरावर होते. हेलननं विचारलं, ते असे जवळजवळ का, आणि यंत्रामागच्या माणसानं कॅप काढली आणि म्हणाला, ती मुलं असावीत. हेलननं माझा हात धरला. नदीवरून कोणाच्या तरी कयाकमधलं हसणं ऐकू येत होतं.

शेल्टर पलीकडच्या टोकाला होईल आता, ते नक्की झालंय. कुरण राहील. दाराशी नवा बोर्ड लावणार आहेत. त्यावर काय लिहायचं यावर आत्तापासूनच मतभेद आहेत, तू असतीस तर मजा आली असती. नावं सापडणार नाहीत, असं ते म्हणतात. मला ते सहन होत नाही, आणि तुला ते ठाऊकच होतं, असंही वाटतं.

दुपारी टीममधली एक मुलगी, विद्यार्थिनी असावी, उरलेले झेंडे हातात घेऊन माझ्यापाशी आली. तिला परत कुठे जायची घाई नव्हती. गवतात माझ्याशेजारी उभी राहिली, आणि सहज, हळू आवाजात विचारलं, "तुमचं कोणी आहे का इथे?"

तुला माहीत आहे, मावशी, मला साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला किती वेळ लागतो. मी आधी विचार करते, याचा अर्थ काय होईल, कोण ऐकतंय, पुढे काय विचारतील.

"हो," मी म्हटलं. "आहेत."

तिनं मान हलवली आणि कोण ते विचारलं नाही.